कुजलेले खत, मित्रबुरशी आणि मुळांचे रोग

हरभऱ्याला मर लागली की आधी शेंड्याकडची पाने माना टाकतात. जमिनीत ओल असते, शेजारची झाडे तजेलदार असतात, आणि मधलेच एखादे झाड दोन-चार दिवसांत सुकते. ते उपटून पाहावे तर मुळे वरून धडधाकट दिसतात. कूज नाही, कीड नाही. मात्र बुंध्याजवळचे खोड चाकूने उभे चिरले की आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसते. मुळांनी घेतलेले पाणी वर नेणाऱ्या नळ्या याच जागी असतात. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळांतून आत शिरते आणि या नळ्यांत वाढत जाते. तिला अडवण्यासाठी झाडही आपल्या नळ्या डिंकासारख्या पदार्थाने बुजवू लागते, आणि दोन्ही बाजूंनी कोंडी होऊन पाण्याची वाट बंद होते.

रोग दिसतो झाडावर, पण त्याचा मुक्काम असतो जमिनीत. ही बुरशी जाड भिंतीचे बीजाणू तयार करते आणि हरभरा नसलेल्या शेतातही ते सहा वर्षे तग धरू शकतात. म्हणून एक-दोन हंगाम पीक बदलल्याने मर जात नाही. तुरीची मर याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीमुळे होते. भारतातील वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या एडविन बटलर यांनी १९१० मध्ये तिचे वर्णन केले आणि फ्युजॅरियम उडम हे नाव तिला त्यांनीच दिले. भुईमुगाची खोडकूज करणारी स्क्लेरोशियम रोल्फसाय ही बुरशी मोहरीच्या दाण्याएवढ्या कठीण गाठी करते. त्या गाठी वर्षानुवर्षे मातीत पडून राहतात आणि ओल, ऊब व कच्चा पालापाचोळा मिळाला की उगवतात. रायझोक्टोनियामुळे रोपवाटिकेतली रोपे जमिनीलगत कोलमडतात. हळद-आल्याचे कंद कुजवणारा पिथियम आणि संत्र्या-मोसंबीच्या बुंध्यातून डिंक गाळायला लावणारा फायटोप्थोरा हे शास्त्राच्या काटेकोर वर्गीकरणात बुरशीत मोडत नाहीत, पण शेतात त्यांचे वागणे बुरशीसारखेच असते. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. साचलेल्या पाण्यातून ते मुळापर्यंत स्वतःहून पोहोचतात, म्हणूनच चिबड रानात हे रोग थैमान घालतात.

पानावरच्या रोगावर औषध फवारता येते, कारण तिथे शत्रू समोर असतो. जमिनीत तसे होत नाही. एका एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे ९०० टन भरते. एवढ्या मातीत किलो-दोन किलो औषध सर्वदूर आणि पुरेशा तीव्रतेने पोहोचवणे अवघड असते. त्यातले काही चिकणमातीला चिकटते, काहीचे जिवाणू विघटन करतात, आणि मूळ तर रोज नव्या मातीत वाढत असते. पाश्चात्त्य देशांत यावर मिथिल ब्रोमाइडसारख्या विषारी वायूचा उपाय निघाला. जमीन प्लास्टिकने झाकून वायू आत सोडायचा आणि सगळेच मारून टाकायचे. हा वायू ओझोनचा थर खातो म्हणून माँट्रियल करारानुसार शेतजमिनीसाठी त्याचा वापर विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत, मोजके अपवाद सोडून, थांबवायचा होता. पर्यावरणाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी या उपायात एक मूळचा दोष होता. निर्जंतुक झालेल्या मातीत जो जीव आधी शिरेल त्याला अडवणारे कोणी उरत नाही. रोगकारक बुरशी आधी शिरली तर ती पूर्वीपेक्षा जोमाने पसरते.

याच्या नेमके उलटे उदाहरण निसर्गातच सापडले. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोरेनार नावाच्या गावाच्या परिसरात खरबुजावर मर येत नसे. मर घडवणारी बुरशी त्या मातीत घातली, तरीही नाही. संशोधकांनी ती माती तापवली तेव्हा तिचा गुण गेला. आणि तापवलेल्या, रोगाला बळी पडणाऱ्या मातीत शातोरेनारची थोडीशी माती मिसळली तेव्हा तो गुण तिच्यात आला. जो गुण उष्णतेने मरतो आणि विरजणासारखा पसरतो तो खनिजाचा नसतो, सजीवांचाच असतो, हे यातून स्पष्ट झाले. त्या मातीत इतर सूक्ष्मजीवांबरोबर निरुपद्रवी फ्युजॅरियमही भरपूर होते. तेच अन्न, तीच मुळाजवळची जागा त्यांनी आधीच व्यापल्यामुळे रोगकारक भावंडाला वाव उरत नव्हता. अशा मातीला रोगरोधक माती म्हणतात.

शातोरेनारची माती निसर्गाने दिलेली होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये टँबोरिन डोंगरावर एका बागायतदाराने तशी माती घडवली, आणि या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण तेच आहे. गाय ॲशबर्नर यांच्या ॲव्होकॅडोच्या बागेत फायटोप्थोरा होता, आसपासच्या बागा त्याने बसल्या होत्या, पण यांची झाडे हिरवीगार होती. ॲशबर्नर यांनी कोणतेही औषध वापरले नव्हते. शेजारच्या वर्षावनाची जमीन कशी असते ते पाहून त्यांनी आपल्या बागेत आच्छादन पिके घेतली, ती जमिनीवर पाडली, कोंबडीखत दिले, चुना-मॅग्नेशियमची खनिजे दिली, आणि हे वर्षानुवर्षे केले. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी या मातीचा अभ्यास केला. फायटोप्थोरा तिथे हजर होता; पण भरपूर सेंद्रिय द्रव्य, मुबलक कॅल्शियम आणि सूक्ष्मजीवांची दाटी यांच्यात त्याला डोके वर काढता येत नव्हते. शंभर अंशांच्या वाफेने मातीतले जीव मारले की रोग पुन्हा उसळत असे. रोगकारक जीव शेतात असूनही रोग होत नाही ही स्थिती माणसाला निर्माण करता येते, हे या बागेने दाखवले. पुढचे बरेच संशोधन याच दिशेने गेले.

त्यातला मोठा टप्पा अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गाठला गेला. कुंड्यांत झाडे वाढवणाऱ्या रोपवाटिकांना दलदलीतून काढलेले पीट महाग पडू लागले, म्हणून त्यांनी लाकूड कारखान्यांतली झाडांची साल कुजवून वापरायला सुरुवात केली. खर्च वाचला, आणि शिवाय फायटोप्थोरामुळे होणारी मूळकूजही कमी झाली. ओहायो स्टेट विद्यापीठातले हॅरी हॉइटिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या गोष्टीचा माग काढला. कुजलेल्या खतातून होणारा रोगप्रतिबंध दोन प्रकारचा असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. पिथियम आणि फायटोप्थोरा यांचे बीजाणू आकाराने लहान आणि अन्नसाठ्याने गरीब असतात. उगवायला त्यांना मुळातून झिरपणारी साखर लागते. चांगल्या खतात असंख्य प्रकारचे जीव ती साखर आधीच फस्त करतात, आणि बीजाणू न उगवता पडून राहतात. यासाठी विशिष्ट जीव लागत नाही, गर्दी पुरते. रायझोक्टोनिया आणि स्क्लेरोशियम यांच्या गाठी मात्र स्वतःची शिदोरी घेऊन असतात. त्यांना उपाशी ठेवता येत नाही. त्यांच्यावर चढाई करणारा जीवच हवा. तो प्रत्येक खतात असेलच असे नाही. म्हणून एकच खत हळदीच्या कंदकुजीवर गुण देते आणि रोप कोलमडण्यावर देत नाही, असे होऊ शकते.

असा चढाई करणारा जीव खतात कधी येतो हे कळायला खताचा ढीग आतून पाहायला हवा. शेण, काडीकचरा, पाचट, भाजीपाल्याचे अवशेष ओले करून नीट रचले की काही दिवसांत ढीग तापतो. कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असे असले आणि ओलावा ५० ते ६० टक्के राहिला तर आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाते. या तापमानात तीन दिवस राहिल्या की बहुतेक रोगकारक बुरशी आणि तणबिया मरतात. तंबाखूच्या केवड्याच्या विषाणूसारखे काही चिवट विषाणू मात्र टिकतात. बाहेरचा थर गार राहतो, म्हणून ढीग पालटून बाहेरचे आत घालावे लागते. भारतात ही रचना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली गेली ती इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे त्यावरचे पुस्तक १९३१ मध्ये आले, आणि इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली.

पण ताप रोगकारक जीवांबरोबर उपयुक्त जीवांनाही मारतो. ढीग गार होऊ लागला, तापमान ४० अंशांच्या खाली आले, की नव्या वस्तीला सुरुवात होते आणि खताचा स्वभाव तेव्हा ठरतो. उघड्यावर, झाडांजवळ, मातीला टेकलेल्या ढिगात आजूबाजूचे नाना प्रकारचे जीव येतात. सिमेंटच्या बंदिस्त टाकीत जे योगायोगाने येतील तेच. ओहायोतल्या संशोधकांनी म्हणूनच ताप उतरल्यानंतरच्या खतात मुद्दाम निवडलेली ट्रायकोडर्मा बुरशी आणि उपयुक्त जिवाणू सोडले आणि खताचा बेभरवशाचा गुण बराच भरवशाचा केला. पहिल्याच दिवशी गरम होणाऱ्या ढिगात ट्रायकोडर्मा घालणे म्हणजे ती वाया घालवणे, ही साधी गोष्ट यातून निघते. आपल्याकडे अजूनही असे पुष्कळदा होते.

दुसरी गोष्ट खताच्या पक्वतेची, आणि ती सर्वांत कमी समजून घेतली जाते. कच्च्या खतात न कुजलेले सेल्युलोज भरपूर असते. रायझोक्टोनिया ते खाऊन वाढते. ट्रायकोडर्माही तेच खाते, आणि आयती साखर मिळत असेपर्यंत दुसऱ्या बुरशीची भिंत फोडणारी विकरे ती बनवतच नाही. म्हणजे कच्च्या खतात मित्र आणि शत्रू शेजारी शेजारी जेवतात, आणि रोग वाढतो. तेच साहित्य पुरते कुजले, साखर संपली, की ट्रायकोडर्मा शिकारीकडे वळते. स्क्लेरोशियम रोल्फसायच्या बाबतीत तर कच्चा पाला म्हणजे तिला पुढच्या झाडापर्यंत पोहोचवणारा पूलच. याच्या दुसऱ्या टोकाला, कुजण्यासारखे काहीच न उरलेले अतिजुने खत किंवा काळे पीट सूक्ष्मजीवांना पोसू शकत नाही आणि त्यातला प्रतिबंधाचा गुण ओसरतो. उपयोगाचा आहे तो मधला टप्पा.

हा टप्पा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ढीग पालटल्यावर पुन्हा तापत नसेल, मूळचे शेण-पाचट ओळखू येत नसेल, अमोनियाचा उग्र दर्प जाऊन पावसाळी मातीचा वास येत असेल, तर खत तयार आहे. आणखी खात्री हवी असेल तर अळिवाचे बी वापरतात. खताच्या ओल्या अर्कात भिजवलेल्या कागदावर आणि साध्या पाण्याच्या कागदावर अळीव उगवून पाहायचे. खताच्या कागदावरची मुळे आखूड किंवा करपलेली आली तर खत कच्चे. खतातले क्षारही पाहावे लागतात, कारण खारट खतामुळे मुळे दुखावतात आणि पिथियम-फायटोप्थोराला वाट मोकळी होते. अमोनियाच्या रूपातला नत्र जास्त असलेले खत, उदाहरणार्थ ताजे कोंबडीखत, फ्युजॅरियमची मर वाढवू शकते. ॲशबर्नर यांनी कोंबडीखत वापरले हे खरे, पण आच्छादनाच्या जाड काडीकचऱ्याबरोबर; नुसते नव्हे.

खत कुजताना तयार होणाऱ्या आणि त्यातून काढता येणाऱ्या पदार्थांचाही स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण आज बाजारात ते बाटल्यांत मिळतात. कुजलेले खत पोटॅशच्या अल्कली द्रावणात ढवळले तर गडद तपकिरी अर्क निघतो. त्यात आम्ल घातले की काळसर साका तळाशी बसतो, ते ह्युमिक आम्ल. वर विरघळून राहते ते फुल्विक आम्ल. शेकडो वर्षे टिकणारे असे प्रचंड रेणू मातीत तयार स्थितीत असतात, अशी समजूत फार काळ होती. योहानेस लेमान आणि मार्कुस क्लेबर यांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मधल्या लेखात ती खोडून काढली. मातीतले सेंद्रिय द्रव्य म्हणजे कुजण्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवरच्या पदार्थांची सलग साखळी असते, आणि ह्युमिक आम्ल हे बरेचसे त्या अल्कली अर्काचे अपत्य असते, असे त्यांचे म्हणणे. यामुळे अर्काचा उपयोग नाकारला जात नाही. गांडूळखतातून काढलेल्या ह्युमिक आम्लाने मक्याच्या उपमुळांची वाढ होते आणि मुळांच्या पेशींतून आम्ल बाहेर टाकणारे पंप जोरात चालतात, हे ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. मुळे वाढली की काही मुळे रोगाने गेली तरी झाड निभावते. पण बुरशी थेट मारण्याची ताकद या पदार्थांत फारशी नाही. शिवाय बाजारातले बहुतेक ह्युमिक आम्ल कुजलेल्या खतातून नव्हे तर लिओनार्डाइट या कोळशाच्या जातीच्या खनिजातून काढलेले असते. त्यात सूक्ष्मजीव नसतात. पायाखालचे खत सोडून केवळ बाटलीवर भरवसा ठेवणाऱ्याला खताचा रोगरोधक गुण मिळणार नाही.

खताचा पाण्यातला अर्क ही वेगळी गोष्ट. त्यात जीव असतात. जर्मनीत बॉन विद्यापीठात हाइनरिख वेल्टझिन यांनी १९८० च्या दशकात अशा अर्कांवर काम केले, ते मुख्यतः पानांवरच्या रोगांसाठी. कुजलेले खत पाण्यात काही दिवस नुसते भिजत ठेवतात, किंवा पंपाने हवा सोडत एक-दोन दिवसांत अर्क तयार करतात. ओरेगनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये काकडीच्या रोपांवर असे अर्क आळवणीतून वापरून पाहिले. पिथियममुळे होणारी रोपांची कोलमड सर्वांत खात्रीने थांबवली ती हवा दिलेल्या आणि समुद्री शेवाळ व ह्युमिक आम्ल घातलेल्या अर्काने. म्हणजे ह्युमिक आम्लाचे खरे काम इथे जिवंत अर्काच्या जोडीने दिसले. मळी किंवा गूळ घालून अर्क ‘जोरदार’ करण्याची हौस मात्र आवरावी. साखर सगळ्याच जिवाणूंना वाढवते, आणि खत नीट तापलेले नसेल तर त्यात आतड्याचे रोग करणारे जिवाणूही आले. कोथिंबीर, काकडी, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर असा अर्क शिंपडू नये.

आता ट्रायकोडर्मा. हे नाव पर्सून या शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये दिले. ही जंगलाच्या पाचोळ्यात, कुजक्या लाकडात, शेताच्या मातीत सर्वत्र आढळते. आधी पांढरी, मग बीजाणू आले की हिरवीगार होणारी तिची बुरशी डोळ्यांनी ओळखू येते, आणि तिच्या काही जातींना नारळासारखा वास येतो. लाकूड-कापूस पचवण्यात तिचा हातखंडा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती सामान कुजवणारी बुरशी याच कुळातली निघाली, आणि आज सेल्युलोज पचवणारी विकरे कारखान्यांत तिच्याच वंशजांकडून बनवून घेतात. शेतीच्या दृष्टीने तिचा दुसरा गुण महत्त्वाचा. १९३२ मध्ये रिचर्ड वाइंडलिंग यांनी अमेरिकेत ट्रायकोडर्मा रायझोक्टोनियाचे तंतू खाते हे दाखवले, आणि लिंबूवर्गीय रोपांची कोलमड तिच्या साहाय्याने थांबवता येईल असे सुचवले. त्यांनी पुढे मिळवलेल्या विषारी द्रव्याला ग्लायोटॉक्सिन हे नाव पडले. प्रतिजैविकांचे युग अजून सुरू व्हायचे होते, तेव्हाची ही गोष्ट.

सूक्ष्मदर्शकाखाली ही शिकार पाहण्यासारखी असते. ट्रायकोडर्माचा बारीक तंतू शत्रूच्या जाड तंतूच्या दिशेने वळतो. अजून स्पर्श झालेला नसतो, तरी शत्रूच्या भिंतीतून सुटलेल्या कणांचा त्याला सुगावा लागलेला असतो. मग तो शत्रूला वेढे घालत जातो आणि जागोजाग आकड्यासारखी टोके रोवतो. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकानची असते. ट्रायकोडर्मा कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरे सोडते. भिंतीला भोके पडतात, आतला रस ती शोषते, आणि शत्रूचा तंतू रिकामा होऊन चपटा पडतो. स्क्लेरोशियमच्या कठीण गाठीतही ती अशीच शिरते. पिथियमच्या भिंतीत मात्र कायटिन नसते, मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोज असते. तिथे दुसरी विकरे कामाला येतात.

पण प्रत्यक्ष शेतात ही शिकार हे तिचे सर्वांत मोठे काम असेलच असे नाही. ती भराभर वाढते आणि मुळाभोवतीची जागा, साखर आणि लोह बळकावते. आणि गेल्या काही दशकांत पक्के झालेले तिचे काम असे की, ती मुळाच्या बाहेरच्या एक-दोन थरांत शिरते आणि तिथेच थांबते. झाड तिला परकी समजून सावध होते आणि आपली संरक्षणव्यवस्था जागी करते. मग ट्रायकोडर्मा मुळाला असूनही पानांवरच्या रोगाचा जोर कमी झालेला दिसतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात गॅरी हार्मन यांनी दोन वाणांच्या पेशी एकत्र करून टी-२२ नावाचा वाण बनवला, तो मुळावर टिकून राहण्याच्या याच गुणासाठी. तो पुढे जगभर विकला गेला.

महाराष्ट्रातल्या जमिनीत खत आणि ट्रायकोडर्मा यांची जोडी का हवी हे इथे कळते. आपल्या काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी आहेत, आणि ट्रायकोडर्माला किंचित आम्लता मानवते. सेंद्रिय कर्ब अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे. उन्हाळ्यात वरची माती तापून कोरडी पडते. अशा रानात नुसती पावडर टाकली तर बीजाणूंना अन्न नाही, ओल नाही, आसरा नाही. मुक्काम करायला काही नसताना ती टिकावी तरी कशी? चांगले कुजलेले खत हे तिचे घर आणि शिधा दोन्ही आहे. म्हणून तिला आधी खतात वाढवून मगच शेतात न्यावे. सावलीत शंभर किलो पक्के शेणखत पसरून त्यात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळतात, मुठीत दाबल्यावर लाडू वळेल पण पाणी निथळणार नाही इतके ओले करतात, आणि गोणपाटाने झाकून ठेवतात. तीन-चार दिवसांनी खालीवर करतात, ओल जपतात. आठ-पंधरा दिवसांत खतावर पांढरी आणि मग हिरवट झाक येते. हे खत सकाळी किंवा संध्याकाळी, वाफशावर, मुळाजवळ मातीत मिसळायचे. रणरणत्या उन्हात वर पसरून ठेवायचे नाही.

हरभऱ्याला याबरोबर बीजप्रक्रिया करतात, किलो बियाण्याला चार-पाच ग्रॅम. उगवणाऱ्या पहिल्या मुळाला सोबत मिळते, आणि तीच वेळ सर्वांत नाजूक असते. पण इथे क्रम चुकवून चालणार नाही. मरीविरुद्धचा पहिला उपाय प्रतिकारक वाण हाच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय असे वाण त्यासाठी उपलब्ध आहेत. बळी पडणारा वाण, तापलेल्या जमिनीत लवकर केलेली पेरणी आणि त्यावर ट्रायकोडर्मा, अशी मांडणी केली तर बुरशीकडून अशक्याची अपेक्षा होते. सांगली किंवा हिंगोलीकडच्या हळदीत पिथियमची कंदकूज पावसाळ्यात, पाणी तुंबलेल्या जागी सुरू होते: पाने कडेने पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो, खोड हलकेच ओढले तरी हातात येते आणि कंदाला घाण वास सुटतो. तिथे गादीवाफा आणि निचरा आधी, निरोगी बेणे त्याबरोबर, लागवडीच्या वेळी आणि पुन्हा भरणीच्या वेळी ट्रायकोडर्मा वाढवलेले खत. पाण्यातून पोहत येणाऱ्या शत्रूचे पाणी तोडल्याशिवाय बाकी सगळे लटके पडते. नागपुरी संत्र्याच्या बागेतही हेच. पाणी खोडाला लागणार नाही असे आळे, डोळा जमिनीपासून उंच बांधलेली कलमे, आणि मग खत-बुरशी.

या बुरशीच्या मर्यादा लपवून तिचे भले होणार नाही. ती सजीव आहे, आणि कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक तिलाही मारते. एकाच दिवशी दोन्ही दिले तर दोन्हीचे पैसे गेले. मध्ये पुरेसे अंतर ठेवावे लागते. फायटोप्थोरा-पिथियमसाठीचे मेटालॅक्झिल ती बऱ्यापैकी सोसते. भारतीय नियमांनुसार नेहमीच्या एक टक्का भुकटीच्या ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत बीजाणू असायला हवेत. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या पुड्यात ते उरतीलच याची खात्री नसते, म्हणून उत्पादनाची तारीख पाहून, ताजा माल, सावलीत ठेवलेला घ्यावा. पाकिटावरच्या नावावरही फार विसंबू नये. ‘विरिडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक भारतीय वाणांचा डीएनए तपासल्यावर ते ॲस्पेरेलम जातीचे निघाले आहेत. बुरशी म्हणून त्या वाईट नाहीत, पण प्रयोग एका जातीवर आणि विक्री दुसरीची झाली तर निकाल जुळत नाहीत. आणि जिथे बुरशीच पीक आहे तिथे तिला जाऊ देऊ नये. आळिंबीच्या बेडवरची हिरवी बुरशी याच कुळातली असते, आणि बटन आळिंबीच्या कारखान्यांचे तिने जगभर मोठे नुकसान केले आहे.

ज्या शेतात रोगाचा साठा फार वाढला आहे तिथे आधी तो कमी करावा लागतो. इस्रायलमध्ये १९७० च्या दशकात याकोव्ह कटान यांनी रुळवलेली पद्धत विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्याला चांगली लागू पडते: ओली केलेली जमीन किंवा रोपवाटिकेचे वाफे पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून तापवायचे. वायूने निर्जंतुक केल्यासारखे सगळे मरत नाही, पण रोगकारक जीव दुबळे होतात, आणि प्लास्टिक काढल्याबरोबर ट्रायकोडर्माचे खत दिले तर मोकळी झालेली जागा तिलाच मिळते.

हे सगळे प्रतिबंधाचे उपाय आहेत. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या बागांत सेरॅटोसिस्टिस बुरशीची मर एका झाडाकडून शेजारच्या झाडाकडे मुळांवाटे, मातीवाटे आणि खोडाला भोके पाडणाऱ्या किडीबरोबर जाते. ज्या झाडाची पाने पिवळी पडून गळू लागली आहेत आणि ज्याच्या खोडात काळपट-तपकिरी पट्टे उतरले आहेत ते ट्रायकोडर्माने परत येत नाही. ते मुळांसकट काढून जाळावे, मधून चर खणून मुळांचा संपर्क तोडावा, आणि खत-बुरशी द्यावी ती भोवतालच्या अजून निरोगी असलेल्या झाडांना.